थोडं, पण रोज : एका वाकळेने शिकवलेली साधना

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



गुरुपौर्णिमा जवळ आली. या दिवसांत आपण सगळेच काहीतरी संकल्प सोडतो. कुणी पारायणाचा, कुणी जपाचा, कुणी पहाटे उठण्याचा. आणि खरं सांगायचं तर दिवाळीपर्यंत त्यातले निम्मे संकल्प कुठे गेले ते आपल्यालाही आठवत नाही. सद्गुरू मात्र वर्षानुवर्षं एकच सांगत आले आहेत, थोडं करा, पण रोज करा. हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते कानाला लागतच नाही. आम्हालाही लागत नव्हतं. यंदा एका जुन्या वाकळेने ते आम्हाला समजावून दिलं. केंद्रातल्या भगिनींनी आग्रह केला म्हणून ते इथे लिहितो आहोत.

आम्ही म्हणजे बेळगावच्या दोन जावा, थोरली आणि धाकटी. लिहिलंय थोरलीने, वाचून खाडाखोड केलीय धाकटीने. काही वाक्यं तर धाकटीनेच घालायला लावली, कारण ती थोरलीला स्वतःहून लिहवत नव्हती.

*आधी आमची चूक*

आमचं घर जुनं. वाटण्या झाल्या तेव्हा परड्यात मधोमध भिंत घातली गेली, छातीएवढी. भिंतीचं दुःख नव्हतं, दोन्ही भावांनी समजुतीने घातली. अबोला आला तो नंतर, सासूबाई गेल्यावर. आम्ही त्यांना आई म्हणत होतो.

तीन वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. आणि या तीन वर्षांत एकही गुरुवार चुकवला नाही! एकच सत्संग, एकच आरती. थोरली सभागृहाच्या या टोकाला पानं मांडायची, धाकटी त्या टोकाला भात वाढायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात जोडून जय गुरुदेव म्हणायचो, आणि एकमेकींच्या वाटेत आलो की नजर फिरवायचो. केंद्रात सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोललं नाही. सद्गुरूंच्या तसबिरीसमोर आम्ही दोघींनी किती वेळा डोकं टेकवलं असेल! पण डोक्यातलं ओझं काही तिथे उतरवलं नाही, तसंच परत घरी घेऊन आलो.

*ट्रंकेतली वाकळ*

गेल्या दत्तजयंतीला थोरलीने आईंची ट्रंक उघडली. पूजेसाठी जुना पितांबर हवा होता. त्याखाली घडी घालून ठेवलेली वाकळ हाताला लागली, अर्धवट शिवलेली. ती तिथे आहे हे तिला ठाऊक होतं. कुणासाठी आहे हेही ठाऊक होतं. आईंनी सांगून ठेवलं होतं, "ही धाकटीच्या लेकीच्या बाळंतपणाला." तरी तीन वर्षं ती बाहेर काढली नव्हती. त्याच दिवशी आरतीनंतर दुसऱ्याच कुणाकडून कानावर आलं, धाकटीची लेक गरोदर आहे, तिसरा महिना.

आपल्यातल्या लहान मुलींना वाकळ माहीत नसेल म्हणून थोडं सांगतो. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्याकडचे कन्नड शेजारी कौदी म्हणतात. खाली नरम झालेलं सुती लुगडं, मधे जुनी धोतरं आणि चादरी, वर निरनिराळ्या कापडांचे तुकडे. या वाकळेत आईंच्या दोन इरकली साड्या होत्या, शहापुरी लुगड्याचा काठ होता, गुळेदगुड्डचे खण होते, मामंजींच्या सदऱ्याचे चौकोन होते आणि धाकटीच्या लेकीचा शाळेतला निळा फ्रॉकसुद्धा होता. नवं कापड एकही नाही. वाकळेला नवं कापड चालत नाही असं नाही, पण जे धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं तेच अंगाला लागत नाही. माणसाचंही तेच आहे.

ती शिवायची पद्धत अशी की कडेपासून सुरुवात करायची आणि फेरे घेत घेत मध्याकडे जायचं. खानापूर, हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी भगिनी जी कवंदी शिवतात, तीही अशीच कडेकडून आत जाते. साधा धावदोरा. त्यात कौशल्य फारसं नाही, चिकाटी मात्र हवी.

वाकळ पाच फूट रुंद आणि सात फूट लांब. चारही बाजूंनी फूटभर पट्टा आईंचा शिवून झाला होता. मधला तीन फूट बाय पाच फूट भाग नुसता कच्च्या टाक्यांवर होता. थोरलीने त्या रात्री सुईत दोरा ओवला आणि आई जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे एक दोरा संपेपर्यंत शिवलं. मग दुसरा दोरा ओवून सुई कापडात टोचून ठेवली, वाकळेची वळकटी केली आणि सकाळी परड्यातल्या भिंतीवर नेऊन ठेवली. बोलली काही नाही. बोलण्याएवढी हिंमत नव्हतीच.

धाकटीने ती पाहिली. तिने काय समजायचं ते समजलं. ओवलेल्या सुईने एक दोरा शिवला, नवा दोरा ओवला, सुई टोचली आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर वळकटी पुन्हा भिंतीवर ठेवली.

असं सुरू झालं. एक दिवस थोरलीचा, एक दिवस धाकटीचा. रोज एक दोरा, आणि दुसरीसाठी सुईत दोरा ओवून ठेवायचा. आम्ही दोघीही पन्नाशी ओलांडलेल्या, सुईचं नाक काही दिसत नाही. ओवलेली सुई मिळणं म्हणजे काय सुख असतं ते आमच्या वयाच्या भगिनींना सांगायला नको!

*दोरा आखूडच घ्यावा*

आई म्हणायच्या, दोरा खांद्यापासून बोटांपर्यंत पुरेल एवढाच घ्यावा. सारखं ओवायचा कंटाळा म्हणून लांब दोरा घेतला की तो गुंततो, गाठी पडतात, शेवटी तोडून टाकावा लागतो. दुपदरी आखूड दोऱ्यात जेमतेम वीस इंच शिवण होते. बस्स, तेवढीच.

आपले संकल्प गुंततात ते याच कारणाने. आपण लांब दोरा घेतो. गुरुपौर्णिमेला अकरा माळांचा नेम धरतो, आणि श्रावणात पाहुणे आले की अकराच्या शून्य होतात. त्यापेक्षा एक माळ घ्या, पण ती अशी घ्या की घरात लग्न असलं, ताप आला, प्रवासात असलो तरी होईल. दासबोधात वीस दशक, दर दशकात दहा समास, म्हणजे २०० समास आहेत. रोज एकच वाचला तर सात महिन्यांच्या आत ग्रंथ पुरा होतो. ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९,००० ओव्या. रोज पंचवीस वाचल्या तर वर्षभरात अठरावा अध्याय संपतो. पंचवीस ओव्यांना किती वेळ लागतो? कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होतात.

पतंजली मुनींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात अभ्यास कधी पक्का होतो ते सांगितलंय. त्याला तीन गोष्टी लागतात. पुष्कळ काळ करणं, खंड न पाडता करणं आणि आदराने करणं. पहिल्या दोन आपल्या लक्षात राहतात, तिसरी निसटते. रोज उरकणं वेगळं आणि रोज आदराने करणं वेगळं. दुसरीसाठी दोरा ओवून ठेवणं हा तो आदर. सुरुवातीला आम्ही तो एकमेकींसाठी करत नव्हतो, आईंच्या वाकळेसाठी करत होतो. पण सवय हाताला लागली की हळूहळू मनालाही लागते.

*झोळ मधे जमतो*

आता कठीण भाग सांगतो.

आम्ही सुरुवातीलाच हिशेब केला होता. इंचभर अंतरावर ओळी धरल्या तर मधल्या भागात छत्तीस ओळी, ओळीला तीन दोरे, म्हणजे १०८ दोरे! जपमाळेचे मणी! दोघींनाही, आपापल्या घरी, केवढा आनंद झाला. वाटलं, सद्गुरूंचीच योजना. प्रत्येक टाक्याला नाम घ्यायचं, एकशे आठाव्या दोऱ्याला माळ पुरी.

सत्तराव्या दोऱ्याला दिसलं की वाकळ मधे फुगली आहे. कडेकडून आत शिवत येताना प्रत्येक फेऱ्याला कापड हाताने सारखं करावं लागतं. ते केलं नाही तर सैल पडलेलं कापड पुढे पुढे सरकतं आणि सगळा झोळ मधे जमतो. शिवाय थोरलीचा हात घट्ट, धाकटीचा सैल. एकीचा दोरा कापड ओढतो, दुसरीचा सोडतो.

आणि तीन वर्षांनी आम्ही पहिल्यांदा बोललो, तेही भांडायला. भिंतीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. "तुला कधी नीट ओढून घेता आलंय?" "आणि तुम्ही कधी कुणाला सैल सोडलंय, वहिनी?" वाकळेचं निमित्त होतं. बोलत होतो ते वाकळेबद्दल नव्हतंच. त्या दिवसापासून नऊ दिवस सुई कुणीच हातात धरली नाही. वळकटी थोरलीच्या माजघरात पडून होती.

दहाव्या रात्री थोरलीने ती उलटी करून पसरली. वाकळेची खरी कहाणी उलट्या बाजूला असते. वर रंगीत तुकडे दिसतात, खाली नुसते टाके. आईंचे सुरुवातीचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, सारखे. पुढे पुढे मोठे होत गेलेले. दोरा पांढऱ्याचा काळा झालेला, मग पुन्हा पांढरा. म्हणजे कधीतरी दोरा संपला असेल, हाताला लागला तो घेतला. एका कोपऱ्यात टाके नाहीतच, नुसती सुईची भोकं आहेत आणि शेजारून नवी शिवण गेली आहे. म्हणजे त्यांनीही उसवलं होतं! ज्यांच्या हाताला आम्ही कधी चूक म्हणून पाहिली नाही, त्यांनीही फेरा उसवून पुन्हा घातला होता आणि त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

सकाळी थोरली अंगणात वाकळ पसरून ब्लेडने उसवायला बसली. थोड्या वेळाने धाकटी पुढच्या दाराने आली. तीन वर्षांनी तो उंबरा ओलांडला. समोरच्या टोकाला बसली आणि तीही उसवू लागली. शेवटचे तीन फेरे काढावे लागले, तेवीस दोऱ्यांचं काम. त्याला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत आम्ही जे बोलायचं ते बोललो.

आईंच्या शेवटच्या आजारात धाकटी दोन महिने मुलाकडे पुण्याला होती. थोरलीने एकटीने सगळं केलं. रात्री उठणं, अंग पुसणं, भरवणं. त्याचा राग तिच्या मनात साचत गेला. शेवटच्या तीन दिवसांत आईंची तब्येत ढासळली तेव्हा फोन करायला हवा होता. थोरलीने केला नाही. मनात आलं, "तिला कळू दे." केला तो शेवटच्या सकाळी. धाकटी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिला आईंचं तोंडही दिसलं नाही.

हे वाक्य धाकटीने घालायला लावलं नाही. हे थोरलीने स्वतः लिहिलंय, कारण हे लिहिल्याशिवाय बाकीचं सगळं लिहिणं खोटं ठरलं असतं.

धाकटीने काय उत्तर दिलं? ती म्हणाली, "वहिनी, मलाही कळत होतं की यायला हवं. तुम्ही बोलावलं नाही म्हणून मी आले नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. आजारी माणसाकडे जायला बोलावणं लागतं का?"

मग आम्ही दोघी रडलो. आणि उसवत राहिलो.

*राहिलेलं वाया जात नाही*

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन भगवंताला एक प्रश्न विचारतो, तो आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे. साधनेला लागलेला माणूस मधेच ढळला, तर त्याचं काय होतं? त्याने केलेलं सगळं वाया जातं का? भगवंत सांगतात की चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. जिथे राहिलं असेल तिथून पुढे तो पुन्हा प्रयत्न सुरू करतो, मग त्याला दुसरा जन्म का लागेना.

आम्हाला हा श्लोक पाठ होता. अर्थ कळला तो वाकळेवर. आई जिथे थांबल्या तिथेच सुई टोचून ठेवलेली होती, गंजलेली का होईना. नऊ दिवस आम्ही सोडून दिलं तरी आधीचे फेरे कुठे गेले नव्हते. तुमचा नेम मोडला असेल, गेल्या वर्षीचं पारायण सातव्या अध्यायावर अडकलं असेल, तर पुन्हा पहिल्यापासून, मुहूर्त पाहून, नवी वही आणून सुरू करू नका. पोथी उघडा आणि आठवा अध्याय वाचा. आणि झोळ आला असेल, तर तिथपर्यंतच उसवा. सगळी वाकळ उसवायची गरज नसते.

आपल्या संतांकडे पाहा. नामदेवराय शिंपी. त्यांनी आपल्या भक्तीचं वर्णन करायला गज, कातर, सुई आणि दोरा हीच आपल्या घरातली हत्यारं घेतली. त्यांची पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहेबापर्यंत पोचली. जनाबाईंचं दळण, गोरोबांची माती, सावतोबांचा मळा. कुणीही काम सोडून साधनेला गेलं नाही. काम आणि नाम एकाच हाताने चाललं. आपण गृहिणी म्हणतो, आम्हाला वेळ कुठे? वेळ वेगळा काढायचाच नसतो. टाका घालायचा असतोच, त्याला नाम जोडायचं.

पण एक सावधगिरी आम्हाला आमच्याच अनुभवाने कळली. केंद्रातली सेवा ही वाकळेची वरची बाजू. ती रंगीत दिसते, चारजण कौतुक करतात. घरातलं वागणं ही खालची बाजू. निजताना अंगाला लागते ती खालचीच. सद्गुरूंना दोन्ही दिसतात.

*पुरी झाली ती अशी*

माळ एकशे आठाला पुरी झाली नाही. उसवलेले तेवीस धरून एकशे एकतीस दोरे लागले. धाकटी म्हणाली, ते तेवीस मोजायचे नाहीत, मग १०८च होतात. थोरली म्हणाली, तेच तर मोजायचे.

मधे धाकटीला ताप आला, थोरलीकडे लग्न निघालं, तेव्हा एकीने दुसरीचाही दोरा घातला. वैशाखात, आईंच्या तिथीच्या चार दिवस आधी, मध्यावर पोचलो. आई म्हणायच्या, वाकळेचं पोट रिकामं ठेवू नये. म्हणून शेवटचा तुकडा लावण्याआधी आत चिमूटभर तांदूळ ठेवले, दोघींनी एकेक टाका घातला आणि गाठ मारली. हाताने ओढून पाहिलं. झोळ नव्हता. पूर्ण सपाट झाली असं म्हणणार नाही, जिथे उसवलं होतं तिथे हात फिरवला की जरा जाणवतं. जाणवू दे.

ज्येष्ठात धाकटीच्या लेकीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी वाकळ पाळण्याजवळ अंथरली, सद्गुरूंच्या तसबिरीसमोर धरून मगच. आणि बाळाने पहिल्या पाच मिनिटांत तिच्यावर आपला अभिषेक केला! सगळे हसले. एक पाहुणी म्हणाली, अरेरे, एवढ्या मेहनतीची वस्तू. आम्ही म्हटलं, वापरायलाच केलीय. धुवायची आणि पुन्हा अंथरायची.

परड्यातली भिंत अजून आहे. ती पाडायचं कुणी काढलेलं नाही. पण संध्याकाळी दिवेलागणीनंतर तिच्यावरून कधी कोथिंबीर जाते, कधी आंबोळ्या येतात, आणि कधी नुसतीच एक हाक.

*या गुरुपौर्णिमेसाठी विनंती*

मोठा संकल्प नको. आम्ही दोघी तुम्हाला तीन छोट्या गोष्टी सुचवतो.

१. एक आखूड दोरा निवडा. एक माळ, एक समास, दहा मिनिटं ध्यान, काहीही. वाईटातल्या वाईट दिवशीही होईल एवढंच.

२. खंड पडला तर खंत करत बसू नका. राहिलं तिथून दुसऱ्या दिवशी उचला.

३. ज्याच्याशी किंवा जिच्याशी अबोला आहे, त्यांच्यासाठी एक सुई ओवून ठेवा. एक फोन, एक वाटी भाजी, एक निरोप. उत्तर लगेच येईलच असं नाही. आमच्याकडेही आधी भांडण आलं, मग बोलणं आलं. पण सुई ओवलेली असली की पुढचा टाका सोपा जातो.

हा लेख आपल्या कुटुंबाच्या गटात जरूर वाचून दाखवा. आणि ज्यांच्या घरी आजी-आईंची अर्धी राहिलेली वाकळ असेल, त्यांनी ती एकदा उलटी करून पाहा.

सद्गुरूंच्या चरणी हे एकशे एकतीस दोरे अर्पण. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥

आपल्या दोन सेविका
बेळगाव केंद्र